खिडकीतला राउटर

वायफाय नीट करायला आलेला माणूस गॅलरीच्या खिडकीपाशीच थबकला. "ताई, राउटर इथे का ठेवलाय? अर्धी रेंज बाहेर जातेय. आणि पासवर्ड काय, तर मंजिरी एक दोन तीन? कुणीही ओळखेल."

मंजिरी ही अगदी खेटून असलेल्या समोरच्या इमारतीतल्या सावंतकाकूंची लेक, परदेशात राहणारी. काकूंना रोज दुपारी ती फोनवर दिसावी म्हणून मी राउटर खिडकीत ठेवला होता, आणि त्यांच्या लक्षात राहावा म्हणून पासवर्डही तिच्याच नावाचा. नेट गेलं की काकू ग्रिलवर पळी वाजवायच्या. मी राउटर बंद करून पुन्हा चालू करायचे, आणि मायलेकींचं अर्धवट राहिलेलं बोलणं पुन्हा कानावर यायचं. दोन वर्षांपूर्वी मंजिरी त्यांना कायमची तिकडे घेऊन गेली.

त्याने राउटर घराच्या मधोमध लावला, अवघड पासवर्ड घातला. "आता रेंज बाहेर जाणार नाही," म्हणाला. खरंच, सगळ्या खोल्यांत नेट पळायला लागलं.

दुपारी समोरच्या ग्रिलवर काहीतरी वाजलं. हातातलं काम टाकून मी खिडकीशी गेले. कबुतर होतं. तरीही माझा हात राउटरचं बटण शोधत राहिला.