आत्याला वाचा फुटली

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला गल्लीतून सरळ चालणं मुश्किल झालं होतं. शेजारणी खिडक्यांतून हाका मारायच्या, कार्यक्रमांची तर रीघ लागलेली. पण मोठ्या मंचावर चढण्याआधी मॅनेजर कानात सांगायचा, "ट्रॅक लावलाय. तू नुसते ओठ हलव आणि हास."

एकदा तो ट्रॅक मध्येच अडकला. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. समोरचे लोक मात्र मोबाइल उंचावून तितक्याच जोरात टाळ्या पिटत होते.

"मी आलेच नसते तरी चाललं असतं," परतताना ती ड्रायव्हरला म्हणाली.

"पण ताई, फोटो झकास आलेत," तो म्हणाला.

अशातच तिच्या आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. पोरक्या भाचीला आत्यानंच लहानाचं मोठं केलं होतं. बाई तोंडाची अशी फटकळ, की अख्खी बिल्डिंग तिला वचकून असायची. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि नुसतं "ता, ता" होऊन बाहेर पडायचा. मग आत्या हातातलं भांडं आपटायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

एका सकाळी आत्याचे केस विंचरता विंचरता ती सहज एक अंगाई गुणगुणू लागली. लहानपणी आत्याच ती म्हणायची. दुसऱ्या ओळीला आत्यानं सूर धरला. शब्दांसकट! अगदी स्वच्छ! तिच्या हातातला कंगवाच गळून पडला.

हॉस्पिटलात वाचेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "काहींचं बोलणं जातं, गाणं शाबूत राहतं. आता रोजची वाक्यं चालीवर बसवू. पद्धत मी दाखवते, घाम तुम्ही दोघींनी गाळायचा."

दोघींनी घर डोक्यावर घेतलं. 'मला पाणी दे'ला एक चाल, 'पंखा बंद कर'ला दुसरी. आत्या डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायची, चुकली की स्वतःवरच डोळे वटारायची. कितीतरी महिने हेच.

मग मॅनेजरचा फोन आला. परदेश दौरा होता. "आता नाही म्हणालीस तर लोक विसरतील तुला." तिला मोह झाला नाही असं नाही. "दौरा किती दिवसांचा?" तिनं फोनवर विचारलं.

आत्या खुर्चीतून बघत होती. "जा की. मी... मेले नाही अजून."

चाल नव्हती, ठेका नव्हता. सरळ बोलणं होतं.

"आत्या, काय म्हणालीस?"

"बहिरी... झालीस का?"

हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. ती फोनवर म्हणाली, "यापुढे गाईन ते माझ्या गळ्यानं. ओठ हलवायला दुसरी कुणी बघा."

कार्यक्रम कमी झाले. जे उरले, तिथे ती जीव ओतून गायली. आठवड्यातले तीन दिवस मात्र हॉस्पिटलातल्या लांबट खोलीचे. तिथे वाचा गेलेली माणसं गोल करून बसायची, डॉक्टरीणबाई वाक्यं सांगायच्या, ती चाली बांधायची. एका दुपारी, झटका आल्यापासून मुका झालेला एक शिंपी बायकोकडे बघून खणखणीत गायला, "चहात साखर कमी घाल!"

बायको रडायलाच लागली. खोलीभर टाळ्या पडल्या. इतक्या जवळून आलेल्या टाळ्या तिनं कधी ऐकल्याच नव्हत्या.

टाळ्या थांबेनात, तशी मागून आत्या कडाडली, "पुरे! आता... माझी पाळी!"