ठाण्यापर्यंत न टिकलेला बर्फ

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक होतं. ते घेऊन ती गेली. उरलेलं अर्धं माझ्यापाशीच राहिलं. शाळेत मी दुसऱ्या पुस्तकापर्यंतच गेलो, तेव्हा लिहिणं वेडंवाकडं येईल — पण तुम्ही जरा बसा. घाईने सांगता आलं असतं तर केव्हाच सांगून टाकलं असतं.

आधी पोशाचं सांगतो. आम्ही ठाण्याचे कोळी, घरं खाडीला लागून, कोपरीच्या अंगाला. होडी एक, जाळं एक, माणसं दोन — पोशा आणि मी. मिळेल त्याचे दोन वाटे. वाट्यावरून कधी भांडण झालं नाही, कारण पोशा भांडायचाच नाही. भांडायचो मी — वाऱ्याशी, पाण्याशी, गिऱ्हाइकाशी. तो हसायचा. "धाकू, तुझं नाक एवढं वर असतं, एक दिस घार येऊन बसंल रं त्याच्यावर!"

आणि नाक होतंच माझं वर. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

माझ्या मुलीची, मंजुळाची, सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न ठरल्याचं जेवण व्हायचं होतं. व्याही कल्याणचे, तेही खाडीवरचेच कोळी. त्यांच्या भटाने दिवस काढला तो नेमका भांगाचा. उधाणात पाणी चढतं, मासा आत येतो. भांगात पाणी मेल्यासारखं पडून राहतं आणि जाळं कोरडं वर येतं. हे पोराटोरांनाही कळतं. मग व्याही का बोलणार नाही? बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, "भांगात जेवाया बोलावता व्हय ठाणेकर? मग सुक्या बोंबलाचं कालवण करा, तोंड गोड कराया आम्ही आपला गूळ घेऊन येतो घरचा." सगळे हसले. मी हसलो नाही. छातीवर हात मारून म्हणालो, "ताजा जिताडा वाढीन. मानाचं डोकं तुमच्या पानात, व्याही."

दिवस बदलून मागता आला असता. मागितला नाही. मुंबईच्या बाजारातून पापलेट आणता आली असती — पण कोळ्याने विकतचा मासा व्याह्याच्या पानात वाढायचा? त्यापेक्षा सुपारी मोडली तरी चालेल, असं वाटायचं मला तेव्हा.

उधाणाच्या शेवटाला जिताडा मिळाला. पुरुषभर नव्हता, पण दोघांनी धरून होडीत घ्यावा लागला एवढा. अर्धा पोशाचा. त्याने बघितलं, कपाळावरचं पाणी पुसलं आणि म्हणाला, "ने सगळा. मंजू मना काय परकी हाय?" तेव्हा त्याची बायको जनी तापाने अंथरुणाला खिळलेली होती. तरी असं म्हणाला तो.

मासा मिळाला, पण जेवण अजून काही दिवस पुढे. थंडीचे दिवस होते म्हणून एक रात्र ओल्या गोणपाटात निभावला. पुढे काय? मीठ लावलं तर तो खारा झाला, ताजा कसला? मी डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात पोशा आला. डॉक्टर म्हणाला होता, ताप डोक्यात चढतोय, बर्फ आणा, ताप उतरेपर्यंत डोक्यावर ठेवत राहा. त्या काळी बर्फ मिळायचा तो मुंबईलाच, साहेबलोकांसाठी साठवलेला. मी मासळी घेऊन तिकडे जायचो, मला बर्फाचं घर माहीत होतं. पोशाला जनीला टाकून जाता येईना. माझ्या हातात पैसे ठेवून म्हणाला, "तूच जा रं. तुझ्यासारखा खटपट्या दुसरा कोण हाय?"

मी गेलो. मनात काही वाईट नव्हतं — हे लिहितो आणि वाटतं, कशाला लिहितोय? वाईट मनात यायला आगगाडीचा रस्ता पुरला.

बर्फाच्या घरी एका साहेबाचा बटलर आला होता. त्याने पेटीत लाकडाचा भुसा घातला, वर बर्फ, त्यात मासे, वर पुन्हा बर्फ. मी विचारलं. तो म्हणाला, "असा ठेवला की मासा नासत नाय, चार दिवसांनी काढला तरी ताजा." बस. एवढंच ऐकलं. पोशाच्या पैशांचा बर्फ गोणीत भरून घेतला आणि गोण मांडीवर घेऊन गाडीत बसलो. भुशात गुंडाळलेला तो बर्फ ठाण्याला उतरेपर्यंत जवळजवळ आणला तेवढाच होता. गोण नुसती घामेजली होती.

पोशाचं घर आधी लागतं, माझं त्याला लागूनच. मी मागच्या वाटेने माझ्या घरी गेलो.

कोयत्याच्या पाठीने बर्फ फोडला. माचाखालच्या पेटीत भाताचं तूस, त्यावर बर्फ, मग जिताडा. एक तुकडा बाजूला ठेवला — ओंजळीत मावेल एवढा. बायको दारात उभी. म्हणाली, "अवो, ह्यो जनीचा ना?" मी म्हणालो, तुला काय कळतं? तिने पुन्हा तेच विचारलं. मग मी तिचा हात ओढून मंजुळाच्या डोक्यावर ठेवला आणि गप्प राहीन अशी शपथ घ्यायला लावली. पोर बावचळून दोघांकडे बघत राहिली.

तो ओंजळभर तुकडा घेऊन मी पोशाकडे गेलो. म्हणालो, गाडीत वितळला रे सगळा, एवढाच राहिला.

त्याने तो फडक्यात बांधून जनीच्या कपाळावर धरला. जनीने डोळे उघडले. "गार," म्हणाली. एवढंच. तुकडा संपेपर्यंत ती शांत पडली होती. मग पुन्हा बडबडायला लागली.

इथे थांबलो असतो तरी मी चोरच होतो. पण मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोशा आला. बर्फाने तिला आराम पडला होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणाला, "आता मी जातो मुंबईला. मी येईपर्यंत तू जनीजवळ बस." हा जाणार, भरली गोण घेऊन उतरणार, आणि गोणीकडे बघून विचारणार — धाकू, तुझाच कसा वितळला? मी त्याचा दंड धरला. "वेडा हायस काय? ठाण्यापर्यंत टिकतच नाय तो. मी बघितला ना! तिला अशी टाकून जाशील आणि हात हलवत येशील." त्याने माझं ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकायचा.

बायको म्हणाली, "वाटीभर तरी नेऊन देते." मी दार अडवून उभा राहिलो. म्हणालो, वितळलेला बर्फ वाटीत कुठून आला म्हणून सांगशील?

मधूनमधून मी पेटीवरचं गोणपाट उचलून बघायचो. जिताड्याचा डोळा तसाच चकचकीत. मला आनंद व्हायचा. हो, व्हायचा. कुडापलीकडून जनीचं ओरडणं ऐकू यायचं आणि मला त्या डोळ्याचा आनंद व्हायचा.

सुपारी झाली. डोकं व्याह्याच्या पानात पडलं. त्याने कल्ला उचकटून पाहिला, वास घेतला, आणि मान हलवून म्हणाला, "हरलो बाबा." पोशाही आला होता — जनीला शेजारणीच्या हवाली करून, दोन घास खाऊन परतायला. अर्धा मासा त्याचा, बर्फ सगळा त्याचा, आणि तो पानावर बसून मला विचारतो, "कसा राखलास रं एवढा ताजा?" मी म्हणालो, "ओल्या गवतात." तो कौतुकाने माझ्याकडे बघत राहिला.

जनी सुपारीनंतर दोन दिवसांनी गेली.

बर्फाने ती वाचली असती का? डॉक्टरला कोणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं, आणि मीच विचारलं नाही, कारण तो "हो" म्हणाला असता तर? तेव्हा तुम्हीही मला ते विचारू नका. मला माहीत नाही, आणि माहीत नाही यात मला सूट मिळत नाही.

पोशाने दुसरं लग्न केलं नाही. होडीत पूर्वीसारखाच माझ्यासमोर बसायचा. कधी मध्येच म्हणायचा, "तू माझ्यासाठी मुंबईपर्यंत गेलास धाकू, ते मी इसरणार नाय." काय करायचं होतं मी? जाळं ओढायचो. जिताडा लागला की तो म्हणायचा, तुझ्या घरी ने. मी न्यायचो.

आणि आता शेवटचं, बायकोलाही ठाऊक नसलेलं.

काही वर्षांनी वाडीतल्या गोमाचा भाऊ तापाने फणफणला. डॉक्टरने पुन्हा तेच सांगितलं. गोमा धावत किनाऱ्यावर आला. आम्ही दोघं जाळं विणत बसलो होतो. म्हणाला, मुंबईला बर्फ आणायला निघालोय. पोशाने सुतळी खाली ठेवली. किती मायेने बोलला तो! "नको जाऊस पोरा. ठाण्यापर्यंत टिकत नाय. आमच्या धाकूने जनीसाठी आणून पाहिला. नुसती ओली गोण हाती येते, आणि तेवढा येळ तू भावाजवळ नसशील." गोमाने माझ्याकडे पाहिलं. "खरं काय काका?"

किनाऱ्यावर आम्ही तिघंच होतो. आता माझ्या घरात मासा नव्हता, व्याही नव्हता, सुपारी नव्हती. एक शब्द बोललो असतो तर पोशाने माझं तोंड पुन्हा पाहिलं नसतं, एवढंच झालं असतं.

मी मान हलवली. "खरं हाय," म्हणालो. गोमा घरी परत गेला. पोशा पुन्हा विणायला लागला, आणि मीही.