कोपरापर्यंत हात

मी बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी एरंडोलजवळच्या आमच्या गावात दारोदार सांगितलं, पोरगा आता धुळ्याला कलेक्टर कचेरीत खुर्चीवर बसणार. मी त्या कचेरीत सहा महिने हेलपाटे घातले. तिथल्या शिरस्तेदाराने शेवटी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शेतकऱ्याचे ना तुम्ही? मग शेतीच करा की." त्याचा गळा धरावासा वाटला. त्याला नमस्कार करून बाहेर आलो.

पुढे जळगावात एका जिनात चिकटलो. कापसातली सरकी काढायच्या त्या कारखान्याच्या फाटकावर मला उभं केलं होतं, बसायला स्टूलसुद्धा नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस ओढून काढायचा आणि तो ओला आहे का ते सांगायचं. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी मारून आणत. असा माल सापडला की मी 'उलथवा' म्हणायचं, की हमाल ती गाडी तिथेच धुळीत, सगळ्यांदेखत रिकामी करत. चार वर्षं इंग्रजी कविता घोकल्याचं हे फळ. वरचा मुकादम चौथी नापास होता. तो दिवसभर मला "ए बीए" म्हणून हाका मारी आणि हमाल खिदळत.

खोटं कशाला सांगू, त्या 'उलथवा'त मला मजा येऊ लागली. मला कोणी खुर्ची दिली नाही ना, मग मीही कोणाला सोडणार नव्हतो. वडिलांनी कॉलेजसाठी शिवून दिलेला काळा कोट घालून मी फाटकावर उभा राही. हात आत घातला की बाहीला कापूस आणि कचरा चिकटे, म्हणून मी आत हात घालणंच सोडून दिलं. वरवर चाचपायचं आणि एखाद्याचं तोंड आवडलं नाही की गाडी उलथवायची. एका म्हाताऱ्याने माझे पाय धरले, तर कोटाला धूळ लागेल म्हणून मी मागे सरकलो. थंडीत रातोरात चालून आलेल्या गाड्यांवर दव पडतं, वरचा थर ओला लागतो आणि आतला माल कोरडा ठणठणीत असतो, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. मला ते पक्कं माहीत होतं.

पौषात आतल्या ऑफिसातला एक कारकून नोकरी सोडून गेला. त्याच्या टेबलावर कोणाला बसवायचं हे ठरवायला शेठ सकाळी स्वतः फाटकावर येऊन उभे राहिले. मी कोटाची बटणं लावली आणि पहिल्याच गाडीच्या वरच्या कापसाला बोटं लावली. ओला लागला. मान वर केली तर बैलांपाशी वडील उभे होते.

त्यांनी ओळख दाखवली नाही. शेठसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून हात जोडून म्हणाले, "साहेब, मझार हात घालीसन देखा. वरतीन दव पडेल शे. मझार बठ्ठा कोरडा शे."

बापाने मला साहेब म्हटलं. शेठ माझ्याकडे बघत होते. आत हात घालावा तर इतके दिवस मी घालत नव्हतो हे मुकादम बोलून दाखवेल, अशी भीती वाटली. बापाच्या गाडीत हात घातला आणि बाकीच्यांच्या नाही, हेही कोणीतरी ओळखेल. मी म्हणालो, "उलथवा."

मागच्या गाडीवरचा आमच्या गावचा माणूस ओरडला, "आरे, तो तुना बाप शे रे!"

तोवर हमालांनी गाडी उलटी केली होती. आतला कापूस कोरडा होता, स्वच्छ होता, आणि आता धुळीत पडला होता. वडील खाली बसून तो वेचू लागले. गावचा तो माणूस मदतीला उतरला. मी पुढे झालो नाही, जिथे होतो तिथेच उभा राहिलो. मला त्या क्षणी वडिलांचाच राग आला होता, याच जिनात का आलात म्हणून. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

शेठ मुकादमाला म्हणाले, "बापालाही सोडत नाही. असाच माणूस पाहिजे." दुपारी मला टेबल मिळालं.

संक्रांतीला घरी गेलो. आईने तिळगूळ दिला, तिला काहीच ठाऊक नव्हतं. वडील ओट्यावर बसून दोरी वळत होते. त्यांनी पीळ घट्ट केला. मग विचारलं, "आते मझार हात घालना पडत नही ना?"

"नाही. खुर्ची आहे."

"बरं व्हयनं," ते म्हणाले. "कोट खराब व्हस."