नाकाखालचं लिंबू

आमचे सासरे हाताला लागेल ती वस्तू दोन बोटांवर तोलून बघत. चमचा, छत्री, पाहुण्यांचा चष्मा. एकदा तर भर मांडवात नवरदेवाची कट्यार. वस्तू स्थिर राहिली की चौफेर नजर फिरवून म्हणत, "काट्याची गरज न्हाई. बोटाला कळतं."

जन्मभर त्यांनी सुप्याच्या एका कारखान्यात माल उतरवून घेतला. खऱ्या विमानात कधी पाऊल ठेवलं नाही. पण निवृत्तीनंतर रिमोटवरची छोटी विमानं उडवायला शिकले आणि गावाचे कॅप्टन झाले. मग काळा चष्मा आला, भर उन्हात जाकीट आलं, चहाच्या टपरीवर "आमच्या लाईनीत" अशी सुरुवात करून लोकांना पिडणं आलं. उडवत बरे, एवढं मान्य. बाकी सगळा बडेजाव.

मी वर्षभर रोज संध्याकाळी खपून एक विमान बांधलं. त्याची चाकं उडाल्यावर पोटात मिटायची आणि मिटताना मागे सरकायची. म्हणजे वजनही मागे जाऊन शेपूट जड होणार. म्हणून मी म्हणालो, "मामा, चाकं आत घेऊन तोल बघू या."

कॅप्टन हसले. "जावईबापू, इमान उभं कशावर ऱ्हातं? चाकांवरच ना? मग चाकं खाली ठिवूनच तोलायचं. तुमी नवे हाय या लाईनीत."

चाकं खाली ठेवून त्यांनी ते बोटांवर तोललं. सासऱ्याशी हुज्जत घालायची नसते, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

दसऱ्याला बायकोने मोटारसायकलबरोबर विमानाचीही पूजा केली आणि त्याच्या नाकाखाली, पंख्याला लागणार नाही असं, लिंबू-मिरची घट्ट बांधली. माळावर विमान सुरेख उडालं. चाकं आत गेली तरी डगमगलं नाही. चाकांनी मागे नेलेलं वजन नाकाखालच्या लिंबाने सावरलं होतं. कॅप्टन मात्र गावभर आपली दोन बोटं दाखवत फिरले.

पुढच्या रविवारी त्यांचे कारखान्यातले जुने सोबती बघायला आले. त्यांच्यादेखत कॅप्टननी लिंबू ओढून काढलं. "ह्यो काय ट्रक हाय व्हय?"

"मामा, राहू द्या! त्याचं वजन लागतंय."

"लिंबाचं वजन? मग ते बोटाला कळलं नसतं का?"

विमान उडालं. चाकं आत गेली, नाक वर झालं, क्षणभर ते तसंच लटकलं आणि शेपटीवर कोसळलं ज्वारीत. माझ्या वर्षाचा चुरा झाला. कॅप्टन ज्वारीच्या ताटांमध्ये उभे राहून तुकडे वेचत होते. चष्मा काढून पुटपुटले, "पोरीचं लिंबू काढाय नको हुतं. नजर लागली." आयुष्यात त्यांनी एकदाच चूक कबूल केली आणि तीही भलतीच. पुढे मरेपर्यंत ते लोकांना विमानाला लिंबू बांधायचा सल्ला देत राहिले.

यंदा ते नाहीत. मी दुसरं विमान बांधलं. चाकं आत घेऊन, नाकात शिसं भरून तोल नेमका जमवला. दसऱ्याला बायको ताट घेऊन आली. लिंबू हातात धरून नुसती उभी राहिली.

मी तिला थांब म्हणालो, नाकातलं थोडं शिसं काढलं आणि तिने लिंबू बांधल्यावर मी पंखांखाली दोन बोटं धरली. विमान स्थिर राहिलं. मला कॅप्टनचा फार राग आला, आणि माझे डोळे भरून आले.