मुखपृष्ठावरचं बोट

ग्रेसताईने त्या दिवशी माझ्या हातात कंगवा दिला, म्हणून मी या दुबईच्या पार्लरमध्ये टिकले. ताई नायजेरियाची, इथली सगळ्यांत जुनी. आठवीतून शाळा सोडलेली मी तोवर नुसते कापलेले केस झाडत होते.

इथे गिऱ्हाईक मासिकाच्या मुखपृष्ठावर बोट ठेवतं आणि सांगतं, असं करा. त्या दिवशी एका गोऱ्यापान आजींनी एका काळ्या नटीवर बोट ठेवलं. नटीच्या डोकंभर बारीक वेण्या. आजींचे केस मक्याच्या कणसाला असतात तसे, मऊ आणि विरळ.

"आजी, तसे केस हवेत तर पुढचा जन्म आमच्या घरी घ्या," ताई म्हणाली.

"घेईन की! या जन्मी जमेल तेवढं तरी करा."

ताई माझ्याकडे वळली. "गावाकडे बहिणीच्या वेण्या घालायचीस ना? घाल."

आजी चिडल्या असत्या, तर हातातला झाडूही गेला असता. पण कानाशी दोन बारीक वेण्या उतरल्या, आणि आजी आरशात कितीतरी वेळ मान डोलवत बसल्या.

आमच्या गावाकडे, शहाद्याच्या पार्लरात भिंतीवर एकच दुधासारखा गोरा चेहरा होता. आम्ही सावळ्या मुली त्याच्याखाली गप्प बसायचो. इथे टेबलावर काळी, गोरी, चिनी, आमच्यासारखी सावळी, सगळ्या नट्या एकमेकींना टेकून पडलेल्या असतात, आणि कुणाचंही बोट कुणावरही जातं. ते बघून मला उगाच हसू येतं.

ताई दिवसभर दुसऱ्यांची डोकी सजवते. तिच्या केसांना शोभतील अशा वेण्या मी शिकतेय. एका सुट्टीला तिलाच खुर्चीत बसवीन, मासिकं पुढे ठेवीन आणि म्हणेन, "ताई, ठेव बोट."