कल्याणरावांचा उघडा डॅशबोर्ड

गाडीच्या सीटखाली हात घातला की काय काय निघतं! वाळलेलं लिंबू, बसचं तिकीट, कुणाची तरी केसांची पिन. कल्याणरावांच्या गाडीचे किस्सेही माझ्याकडे असेच जमत गेले. आता मी पुण्यात मुलाकडे असतो. सकाळी फिरायला येणारी मंडळी म्हणतात, "राव, तंजावरची एखादी गोष्ट काढा." एक काढायला जावं तर तिच्यामागून चार बाहेर येतात!

आम्ही तिघे राजवाड्यामागच्या गल्लीतले शेजारी. घरात मराठी, दारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. कल्याणराव सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, सेतूसर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मी बँकेत. गाडीच्या कामात कल्याणरावांचा हात चालायचा, सेतूसरांचं तोंड चालायचं आणि मी टॉर्च धरायचो.

नव्वदनंतरचे ते दिवस. दुकानांत फॉरेनच्या वस्तू राजरोस दिसायला लागल्या होत्या आणि ज्याला त्याला गाडीची स्वप्नं पडत होती. कल्याणरावांचं कारण मात्र वेगळं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, शारदा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि गल्लीत रिक्षा मिळेना. हॉस्पिटलला पोचायला उशीर झाला. बाळ रडलंच नाही. त्यानंतर कितीतरी महिने कल्याणराव कुणाशी धड बोलत नव्हते. मग एक दिवस त्रिचीहून सेकंडहँड गाडी घेऊन आले, आणि पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकले.

"पुढच्या वेळेला गाडी दारांत पाहिजे," एवढंच म्हणाले.

*

गाडी आली ती दुखणी घेऊनच. डॅशबोर्डवरचे दिवे लागले तर लागले. कल्याणराव आम्हा दोघांना घेऊन मेकॅनिककडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, बंद केलं, आणि म्हणाला, "आठ दिवस ठेवून जा सार."

"आठ दिवस? आणि आज रात्रीं लागली तर?"

"कशाला लागणार सार?"

"मुलीचं बाळंतपण."

मेकॅनिक हडबडला. त्याने हात पुसले आणि विचारलं, कितवा महिना?

"अजून कांहीं नाहीं. ती कोईमतूरला आहे."

मेकॅनिकने आमच्याकडे पाहिलं. आम्ही दुसरीकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी कल्याणरावांनी स्वतः डॅशबोर्ड खोलला. गाडी दारात पाहिजे ना! पुढची दोन वर्षं ती दारातच होती. बहुतेक वेळ पोट उघडं टाकून.

*

पहिलं ऑपरेशन हीटरचं. ऐन मे महिन्यात गार-गरमचा दांडा 'गरम'वर अडकला. तंजावरचा मे आणि वर हीटर! बँकेत पोचेपर्यंत माझ्या शर्टाचं पोतेरं व्हायचं. आतली केबल तुटली होती. तसली बारीक, चिवट तार गावात कुठे मिळेना.

दोन दिवसांनी कल्याणराव म्हणाले, "मिळाली." दांडा लोण्यासारखा सरकायला लागला. फक्त सरकवताना टुंग्‌ असा आवाज यायचा.

कल्याणरावांच्या बायको अंबुअक्का घरी मुलींना वीणा शिकवायच्या. बाई सोवळ्याओवळ्याची कडक, आणि कान त्याहून कडक. त्या रविवारी देवळात जायला म्हणून गाडीत बसल्या. कल्याणरावांनी दांडा ओढला. टुंग्‌!

"थांबवा गाडी," अंबुअक्का म्हणाल्या.

गाडी थांबली. अक्कांनी पुढे वाकून स्वतः दांडा ओढला. डोळे मिटून पुन्हा ओढला.

"ही माझी वीणेची तार," त्या म्हणाल्या. "आणि उतरलीय!"

*

मग सिंगापूरहून कुणा भाच्याने कार स्टिरिओ आणला. काय ती बटणं, काय ते हिरवे दिवे! सोबतचं पुस्तक जपानी भाषेत. सेतूसरांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "थिअरी सोपी आहे. करंट कुठूनही घ्या, करंट तो करंटच."

कल्याणरावांनी कुठूनही घेतला. तो नेमका ब्रेकच्या दिव्याच्या वायरीतून. त्यामुळे ब्रेक दाबला की स्टिरिओ सुरू, सोडला की बंद! आणि आत कॅसेट नामस्मरणाची.

पहिल्याच फेरीला सेतूसरांचे म्हातारे काका मागे बसले होते. त्यांना दिसायचं कमी. गल्लीच्या तोंडाशी म्हैस आडवी आली. कचकन ब्रेक, "नारायणाऽ!" पुढे सायकलवाला. ब्रेक, "गोविंदाऽ!" बसस्टँडपाशी तर देवाचं नाव सुटेचना.

घरी आल्यावर काका सेतूसरांना म्हणाले, "कल्याणाला गाडी येत नाहीं. पण काय भक्ती डा त्याची!"

वायर बदलली, स्टिरिओ नीट गायला लागला. काकांना गाडीची गोडी लागली होती, ते रोज पुढच्या सीटवर येऊन बसत. महिन्याभरात कॅसेट आतच जाईना. पुन्हा खोलकाम! मी टॉर्च धरला. आत नाणी. कॅसेटच्या फटीत गच्च बसलेली नाणी!

काकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "देव बोलतो तेथें पैसे टाकायला हुंडी असेलच कीं."

*

खोललेलं परत बसवलं की दरवेळी दोनचार स्क्रू उरायचे. पहिल्यांदा आम्ही घाबरलो. नंतर सवय झाली.

मी एकदा विचारलं, "कल्याणराव, हे कुठले?"

"कंपनी जास्तच देत्ये," ते म्हणाले. "आपल्यासारख्यांचा विचार करून."

*

सगळ्यांत मोठा पराक्रम काट्यांचा. पेट्रोलचा काटा आणि इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा, दोन्ही काढून आम्ही साफ केले आणि परत लावले. दुसऱ्या दिवशी ओरत्तनाडूला एका मुंजीला निघालो. निघताना पेट्रोलचा काटा तळाला.

"पंपावर जाऊ," मी म्हटलं.

पण पंपापर्यंत पोचलो तर काटा पाव टाकीवर! आणखी थोडं गेलो, अर्धी टाकी. मग पाऊण! दोन्ही बाजूंना भाताची शेतं, वारा छान, आणि आमची गाडी चालवू तसं पेट्रोल वाढतंय. कल्याणराव खूश. काटा पूर्ण भरल्याचं दाखवू लागला, तेव्हा गाडी दोन आचके देऊन बंद पडली. टाकी ठणठणीत कोरडी.

सेतूसर खाली उतरले, झाडाखाली उभे राहिले आणि त्यांना थिअरी सुचली. "वायरी उलट्या लागल्यात. इंजिन तापतंय ते पेट्रोलच्या काट्यावर दिसतंय!"

कल्याणराव म्हणाले, "सेतू, बाहेर सांगूं नको. चालवून पेट्रोल वाढतं म्हटलं तर सरकार त्यावर टॅक्स लावील!"

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता पाहिलं तर कल्याणराव हसायचे थांबले होते. स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"आज शारदा आंत असती तर?" ते म्हणाले.

मी एका टेम्पोतून जाऊन कॅन भरून आणला. त्या रात्री जेवण न करता त्यांनी वायरी सरळ केल्या. मला त्यांची फार दया आली. राग पण आला. द्यावी ना गाडी चांगल्या माणसाकडे! पण आठ दिवस गाडी दाराबाहेर ठेवण्याची त्यांची छाती नव्हती.

*

आणि मग शारदाला दिवस राहिले. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. कल्याणरावांनी गाडीचा जो काय छळ मांडला, विचारू नका! रोज धुवायची, रोज चालू करून बघायची. शारदा ओट्यावर बसून बघायची आणि हसायची. "अप्पा, तिला जरा झोपूं दे कीं," म्हणायची. मुलगी धीराची. पण रिक्षाचा आवाज आला की तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिलं होतं.

नवरात्र आलं. सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी गाडी चालू करताना किल्ली दोनदा फिरवावी लागली. झालं! ऐन वेळी दगा देईल म्हणून कल्याणरावांनी किल्लीमागचा स्विच साफ करायला काढला. डॅशबोर्डचा खालचा भाग उघडा, वायरी लोंबतायत, आणि इतक्यात अंबुअक्का तबक घेऊन दारात.

"हत्यारं द्या."

आता हे पुण्याच्या लोकांना सांगावं लागतं. आमच्याकडे सरस्वतीपूजेला पुस्तकं, वाद्यं, हत्यारं, विळी-सुरीसुद्धा देवीपुढे मांडतात. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पोरं खूश असतात, अभ्यास नाही म्हणून. कल्याणरावांनी हिशेब केला. शारदाला अजून तीन आठवडे अवकाश, परवा सकाळी स्विच बसवू. त्यांनी निमूटपणे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पाने सगळं तबकात ठेवलं. अक्कांनी वीणेशेजारी मांडलं, वर रेशमी वस्त्र घातलं.

पूजेच्या दिवशी दुपारी, पायसाची वाटी हातात असतानाच शारदाला कळ आली.

मी धावत रिक्षास्टँडवर गेलो. रिक्षा होत्या, झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या. चालक एकही नाही. सगळे पूजा करून जेवायला घरी! परत आलो तर कल्याणराव देवघराच्या उंबऱ्याशी उभे. समोर रेशमी वस्त्राखाली त्यांची पक्कड. मागून शारदाचा आवाज येतोय. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

सेतूसर ओरडले, "घ्या ना! देवीला समजतं!"

कल्याणरावांनी बायकोकडे पाहिलं. अंबुअक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हत्यारांना हात लावायचा नाहीं."

असा संताप आला मला! काय बोलणार होतो कुणास ठाऊक. पण अक्का तोवर तरातरा स्वैपाकघरात गेल्या आणि सांडशी, दोशाचं उलथणं आणि पितळेची पळी घेऊन आल्या.

"हीं पूजेंत नाहींत," त्या म्हणाल्या. "चला!"

कल्याणराव डॅशबोर्डखाली पाठीवर आडवे. सांडशीने एक वायर धरली, उलथण्याने दुसरी बाजूला दाबली. वायरीचं प्लास्टिक सोलायला सुरी हवी होती, ती देवीपुढे. मागच्या सीटवर अक्कांचा हात धरून बसलेली शारदा दोन कळांच्या मधे ओरडली, "दातांनीं सोल, अप्पा!"

अप्पांनी दातांनी सोलली. दोन वायरींना पीळ दिला. तिसरीला पळीचा दांडा टेकवला, ठिणगी उडाली आणि इंजिन सुरू झालं. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

हॉर्नची वायरही सुटलेलीच होती. सेतूसरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि "वळि विडु! वाट सोडा!" असं दोन भाषांत ओरडायला सुरुवात केली. सोवळ्यातल्या अंबुअक्कांनी दुसऱ्या खिडकीतून हात काढून पळीने टपावर जे बडवायला घेतलं, ते हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत! फाटकातच गाडी सोडून आम्ही आत पळालो.

शारदाला नेलं. दार बंद झालं. अक्का बाकावर पुटपुटत बसल्या. आम्ही तिघे भिंतीला टेकून. मागच्या वेळी याच दारातून नर्स बाहेर आली होती आणि काही न बोलता पुढे निघून गेली होती. कल्याणरावांच्या हातात अजून सांडशी होती. मी ती घ्यायला गेलो तर सोडेनात.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत, भांडखोर आवाज.

कल्याणरावांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकूं येतंय कां तुज?"

"येतंय."

"सेतू, तुज?"

"येतंय हो!"

तेव्हा कुठे ते खाली फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. अक्का उठून त्यांच्याजवळ बसल्या, आणि मीही डोळे पुसले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. त्यांचं आणि आमचंही.

दार उघडलं. नर्स हसत बाहेर आली. "मुलगी! दोघीही चांगल्या आहेत."

आत जायला वळली, पण काही आठवून थांबली.

"शारदा विचारतेय, अप्पांनी गाडी बंद केली का?"

आम्ही तिघे एकमेकांकडे बघायला लागलो.