धुळ्याचा ओटा, लडाखचा बर्फ

खरं सांगतो, धुळ्याला जायचा मला कंटाळा आला होता. सकाळी सहाला पिंप्राळ्यातून निघालो तेव्हाच कंबर धरली होती. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. दोन उन्हाळे लडाखच्या बारमाही गोठलेल्या जमिनीवर गुरुत्व मोजलं. दुसऱ्या उन्हाळ्यात एका टेकडीवर आकडा घटला, म्हणजे तिच्या पोटातला बर्फ वितळून पाणी निघून गेलं, असा अहवाल माझ्या नावाने याच आठवड्यात जायचा होता. एकोणीस वर्षांच्या नोकरीतला पहिला! त्याआधी गुरुत्व मोजायचं यंत्र आपल्याकडच्या खडकावर तपासू, हा माझी सहकारी वैशाली हिचा हट्ट.

एरंडोल, पारोळा, धुळे. रस्ता चांगला आहे, ट्रक जाऊ देतील तर. वाटेत शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, दोघांचे तीनशे रुपये. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा. मी सांगितलं नाही.

धुळ्यापुढे शेतांमधून काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती जातात. आधी एका ठरलेल्या जागी, म्हणजे तळावर, वाचन घ्यायचं, मग खडकावर, मग पुन्हा तळावर. सगळे आकडे तळाच्या तुलनेत. मे महिन्यात पहिल्यांदा मोजायला आलो तेव्हा मी तळ निवडला होता नाना नावाच्या शेतकऱ्याच्या कापसातल्या विहिरीजवळचा सिमेंटचा ओटा. कारण काय, तर तिथे लिंबाची सावली होती.

खडकाचा आकडा बदलायला नको, पण आता सप्टेंबरात तो वाढलेला. तीनदा मोजला, तीनदा तेच. मी यंत्राच्या नावाने बोटं मोडायला लागलो.

"यंत्रले काय बोलतस मास्तर?" नाना म्हणाले. "काळी जमीन शे. पानी पडनं का फुगस, ओटा वर उचलाई जास. उन्हायामा परत बसस."

"नाना, मे महिन्यातच सांगायचं ना!"

"तुम्ही इचारं कोठे?"

ओटा उचलला की तिथलं गुरुत्व किंचित घटतं, आणि न हललेला खडक उगाच वाढल्यासारखा दिसतो. वैशालीने आकड्यांची वही मिटली.

"सर, लडाखला आपला तळ कशावर होता?"

मातीच्या सपाट पट्ट्यावर. गाडी तिथवर जायची म्हणून. गोठलेली जमीनही अशीच. आतला बर्फ तिला उचलून उंचवटे करतो, वितळला की ती खचते. तळ खचला असेल तर तिथलं गुरुत्व वाढलं, आणि टेकडीचं नुसतं घटल्यासारखं दिसलं.

घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडले आणि अहवाल पाठवत नसल्याची मेल लिहिली. वाईट वाटलं, खूप वाटलं. बर्फ वितळलाही असेल. पण टेकडीच्या पोटातला की आमच्या पायांखालचा, ते मला माहीत नाही. मेलमध्ये खात्रीने लिहिता आलं ते एवढंच.